कोकणचा सोनचाफा आणि परभणीची काळी माती



आपल्या परभणी जिल्ह्यातला माणूस कोकणात जाऊन आला की येताना दोन वस्तू हमखास आणतो. एक आंब्याची पेटी आणि दुसरे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले एखादे रोप. कधी सोनचाफा, कधी अनंत, कधी अबोली. त्या रोपाची पुढची कहाणी आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल. मृगात लावले. श्रावणात दोन नवी पाने फुटली. दसऱ्याला बरे दिसत होते. संक्रांतीच्या सुमारास पाने पिवळी पडली, होळीला शेंडा करपला, आणि रोहिणी निघाल्या तोवर अंगणात एक वाळकी काडी तेवढी उरली. मग घरातले वडीलधारे निकाल देतात, ‘आपल्याकडचं ऊन लई कडक. इथं नाही जगत असली झाडं.’

हा निकाल अर्धाच खरा आहे. झाड मरते हे खरे. पण नुसत्या उन्हाने मरत नाही. कोरड्या हवेने ते सुकते, काळ्या मातीत त्याची मुळे गुदमरतात, चुनखडीमुळे त्याला लोह मिळत नाही, आणि या तिन्ही दुखण्यांवर आपण एकच औषध देतो, ते म्हणजे आणखी पाणी! हे कसे होते, तेच आज जरा उलगडून पाहू. मी भूगोलाचा मास्तर, माळी नव्हे. तेव्हा सुरुवात नकाशापासून केली तर राग मानू नका.

पुष्कळांना वाटते की कोकण उष्ण कटिबंधात आणि आपण वाळवंटाच्या काठावर. तसे नाही. कर्कवृत्त भोपाळच्या जरा वरून जाते, म्हणजे रत्नागिरी आणि परभणी ही दोन्ही गावे उष्ण कटिबंधातच आहेत. आपला जिल्हा वाळवंटही नाही. वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखाला वाळवंट कोण म्हणेल? मात्र हा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. फाल्गुनापासून मृगापर्यंत आपल्याकडची दुपारची हवा वाळवंटाला लाजवील अशी असते. मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो, आणि हवेतला ओलावा दुपारी वीस टक्क्यांवर, कधी त्याहूनही खाली येतो. बरे, दुसरे टोकही आपल्याच वाट्याला आले आहे. पौषात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. कोकणच्या झाडाला ही थंडीही ठाऊक नसते. पुष्कळ रोपे मेमध्ये मेली असे आपण म्हणतो. त्यांचा कोवळा शेंडा जानेवारीतल्या एखाद्या पहाटेच गारठून गेलेला असतो.

आता हवेचे गणित पाहू. पानाच्या पाठीवर बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी वाफ होऊन जाते आणि त्या ओढीने मुळांतले पाणी वर चढते. ओढ किती, हे नुसत्या तपमानावर ठरत नाही. हवा किती तहानलेली आहे, यावर ठरते. रत्नागिरीला ३२ अंश तपमान आणि ७० टक्के ओलावा असताना पानावर जितकी ओढ पडते, तिच्या सुमारे साडेचारपट ओढ परभणीला ४२ अंश आणि २० टक्के ओलाव्यात पडते. तपमान दहाच अंशांनी वाढले, पण झाडाचा खर्च साडेचारपट झाला! त्यात पश्चिमेकडचा वारा सुटला की विचारूच नका. मुळाशी विहीरभर पाणी असले तरी सोनचाफ्याचे ते रुंद, पातळ पान दुपारी एवढा पुरवठा खेचू शकत नाही. मग झाड छिद्रे मिटून घेते आणि पान मान टाकते.

खरा घोटाळा इथे होतो. दुपारी दोन वाजता पान कोमेजलेले दिसले की घरातले कुणीतरी कनवाळूपणे तांब्याभर पाणी ओतते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतते. वास्तविक दुपारच्या पानाला काहीही विचारू नये. विचारायचे ते सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे. रात्रीतून पान उभे राहिले असेल तर मुळाशी ओल आहे, पाणी नको. पहाटेही पान लोंबतच असेल तर बोटभर जाडीची काडी वीतभर मातीत खुपसून पाहावी. काडीला ओली माती चिकटून आली आणि तरीही पान लोंबते आहे, याचा अर्थ झाड तहानेने नव्हे, गुदमरून आजारी आहे. अशा झाडाला पाणी घालणे म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात घोट ओतणे.

गुदमरण्याचे कारण आपली माती. गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या खोऱ्यांतली ही काळी जमीन कापसाला, तुरीला आणि ज्वारीला सोन्यासारखी. ती पाणी धरून ठेवते, म्हणून तर कोरडवाहू रब्बी पिकते. पण तिच्यातला चिकण कण ओला झाला की फुगतो आणि मातीतली हवेची वाट बुजवतो. वाळला की आकसतो आणि पाय जाईल एवढी भेग पडते. त्या भेगेत कोवळी मुळे तुटतात. कोकणातली लाल, जांभ्याची माती असे काही करत नाही. धो धो पाऊस पडला तरी पाणी तासाभरात खाली निघून जाते आणि मुळांना हवा मिळत राहते. सोनचाफ्याची, अनंताची मुळे अशा मातीला सरावलेली असतात.

आणि आपण काय करतो? पुस्तकात वाचून दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घेतो, त्यात वाळू, शेणखत, पोयटा असे भुसभुशीत मिश्रण भरतो आणि मधोमध रोप लावतो. दिसायला उत्तम! पण भोवतालची माती चिकण असल्यामुळे तो खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण होतो. आसपासचे पावसाचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर जायला वाट नसल्याने आठवडा आठवडा तुंबून राहते. श्रावण-भाद्रपदातच निम्मी मुळे कुजतात. वरची पाने त्या वेळी हिरवीगार असतात, कारण हवा दमट असते आणि खर्च कमी असतो. पुढे फाल्गुनात खर्च वाढतो, तेव्हा उरलेल्या निम्म्या मुळांना तो भागवता येत नाही. झाड मरते श्रावणात, दिसते ते वैशाखात. दोष मात्र वैशाखाच्या माथी!

तेव्हा काळ्या रानात फुलझाड खड्ड्यात लावू नका, उंचवट्यावर लावा. जमीन वीतभर उकरून मोकळी करावी आणि तिच्यावर मुरूम, जुने शेणखत व काळी माती यांचा दीड-दोन फूट उंच आणि चार फूट रुंद ढीग करून त्यावर रोप बसवावे. मुळे आपोआप खाली उतरतात, आणि पावसाचे पाणी बाजूला निघून जाते. रोप कोकणातल्या लाल मातीच्या गोळ्यासकट आले असेल तर तो गोळा तसाच पुरू नये. त्या मातीची आणि आपल्या मातीची मैत्री होत नाही. दोघींच्या मध्ये फट पडते आणि गोळा आतल्या आत कोरडा राहतो. कडेची माती हलक्या हाताने झटकून, पिशवीत गोल फिरलेली मुळे सोडवून मगच लावावे.

तिसरे दुखणे चुनखडीचे. आपल्या शेतात नांगरताना पांढरे खडे वर येतात, ते सर्वांनी पाहिले आहेत. या चुन्यामुळे माती विम्लधर्मी राहते आणि मातीत लोह भरपूर असूनही ते पाण्यात विरघळत नाही. ताट वाढलेले, पण तोंड बांधलेले, अशी झाडाची स्थिती होते. ओळख सोपी आहे. शेंड्याकडची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसल्या, की समजावे लोह कमी पडते आहे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर ते दुखणे निराळे. तिथे बहुधा नत्र कमी असते. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांनी ही दोन पाने मुलांच्या हातात शेजारी शेजारी द्यावीत. फळ्यावर अर्धा तास बोलून जे कळत नाही, ते एका मिनिटात कळते.

लोहाची उणीव भरून काढायला पाच ग्रॅम हिराकस एक लिटर पाण्यात विरघळवून, त्यात अर्धे लिंबू पिळून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारावे. हिराकस नुसती मातीत टाकली तर चुना तिला गिळून टाकतो. शेणखतात मुरवून दिली तर थोडी तरी लागू पडते. आणि दरवर्षी हे करायचे नसेल तर पाण्याकडे पाहा. बोअरचे पाणी घातलेल्या कुंडीच्या काठावर पांढरी पपडी धरते ना? ते पाण्यातले क्षार. रोज तांब्याभर पाणी घातले की वरची चार बोटे माती भिजते, पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच राहतात. सहा महिन्यांत कुंडीत मिठागर तयार! त्यापेक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी बादलीभर पाणी सावकाश द्यावे, म्हणजे ओल खोल जाते, मुळे तिच्या मागे जातात आणि क्षार खाली धुपतात. पत्र्यावरचे किंवा गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवता आले तर अनंतासाठी त्याच्यासारखे औषध नाही.

आखाती देशांत नोकरीला गेलेले आपले लोक तिकडच्या रस्त्यांचे फोटो पाठवतात. तिथे खऱ्या वाळवंटात बोगनवेल आणि चाफा फुललेला दिसतो, मग आपल्याला का जमू नये, असे ते विचारतात. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, पण तिकडची माती रेताड आहे. पाणी थांबत नाही, म्हणून ते रोज नळीने थेंब थेंब द्यावे लागते आणि दिले तरी मुळे गुदमरत नाहीत. दुबईसारख्या शहरात तर सांडपाणी शुद्ध करून बागांना देतात. तिकडचे रोजच्या पाण्याचे वेळापत्रक इकडच्या चिकण मातीत चालवले तर झाड पहिल्याच वर्षी कुजेल. घ्यायची असेल तर त्यांची झाडांची निवड घ्यावी.

कारण उष्ण कटिबंधातली सगळी फुलझाडे एका घरची नाहीत. काही बारमाही दमट जंगलांतली आहेत. त्यांना कोरडा ऋतू म्हणजे काय, ते माहीत नाही. दुसरी अशी आहेत, की त्यांच्या मूळ देशात आपल्यासारखाच चार-सहा महिने पाऊस आणि मग कडक उघाड असते. ही दुसरी मंडळी परभणीत पाहुणी म्हणून नव्हे, घरची म्हणून राहतात.

देवळाजवळचा पांढरा चाफा घ्या. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या बाजूचा. कोरडा काळ आला की सगळी पाने टाकून देतो आणि जाड फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर राहतो. निष्पर्ण फांदीवर फुलांचा गुच्छ येतो, तो याच बेताने. याला उन्हाळ्यात पाणी घालून पाने आणायची घाई करू नये, बुंधा सडतो.

बोगनवेलीचे तर आपल्या शेतकऱ्याला नवल वाटायला नको. ही ब्राझीलची. १७६०च्या दशकात फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या जगप्रवासात तिकडच्या किनाऱ्यावर ती युरोपच्या शास्त्रज्ञांच्या नजरेस पडली आणि त्याचेच नाव तिला मिळाले. तिची रंगीत पाकळी खरे म्हणजे पान आहे. खरे फूल आत, पांढरे, उदबत्तीच्या गुलाएवढे. पाणी भरपूर दिले की तिला नुसता पाला येतो, पाणी तोडले की रंग येतो. मोसंबीला बहार धरण्यासाठी आपण ताण देतो, तोच प्रकार. मोसंबीच्या बागेत जे ज्ञान वापरतो, ते अंगणातल्या वेलीला लावायचे आपल्याला सुचत नाही, एवढेच.

आणि मोगरा! उन्हाची तक्रार करणाऱ्याने मोगऱ्याकडे पाहावे. बाकीची झाडे माना टाकतात तेव्हा, चैत्र-वैशाखात, तो फुलतो. मार्गशीर्षात पाणी तोडावे, पौषाच्या अखेरीस हलकी छाटणी करावी, मग शेणखत घालून पाणी चालू करावे. पुढे कळ्या वेचायला हात पुरत नाहीत. ज्यांच्या घरी विहिरीला उन्हाळाभर थोडे पाणी टिकते, त्यांना वीस-पंचवीस झाडांवर गजऱ्यापुरते चार पैसेही मिळतात. सदाफुली मादागास्करची, गुलमोहर तिथलाच. निशिगंध मेक्सिकोचा, आणि चुनखडीच्या जमिनीचे त्याला वावडे नाही. पारिजातक, कोरांटी, तगर ही तर आपलीच. जास्वंद मधल्या स्वभावाची आहे. पूर्वेच्या अंगाला लावली, लोह दिले, तर गणपतीला बारा महिने फूल देते.

मग सोनचाफ्याची आशा सोडायची का? नाही. पण त्याला घराची पूर्व किंवा उत्तर बाजू द्यावी. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि रात्री तीच ऊब झाडावर ओकत बसते. रोपाऐवजी कलम घ्यावे. रोपाला फुलायला सात-आठ वर्षे लागतात, कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलू लागते. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेच्या अंगाने तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा ताटवा उभा करावा. बुंध्याभोवती सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड पसरावे, मात्र खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर वाळवी लागते. पौषात रात्री वरून पोते टाकावे. एवढे करून दोन उन्हाळे काढले, तर तिसऱ्या उन्हाळ्यात त्याची मुळे खालच्या ओलीला पोचलेली असतात. एक झाड असे वाढवावे; बारा लावू नयेत.

बारा का नकोत, तर पाण्यासाठी. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी आपल्याही कित्येक गावांत घागरींच्या रांगा होत्या. अशा दिवसांत शाळेच्या आवारात फुलझाडाला पाणी घालणाऱ्या शिक्षकाला एखादी माउली विचारते, ‘गुरुजी, लेकरायला प्यायला पाणी नाही अन् तुम्ही झाडायला घालायलाव?’ तिचे म्हणणे मुळीच चूक नाही. पिण्याच्या पाण्यावर वाढवलेली बाग ही शाळेची शोभा नव्हे. तिला उत्तर द्यायचे असेल तर हिशेबाने द्यावे.

समजा, शाळेत साठ मुले दुपारी खिचडी खातात. हात धुवायला आणि ताटली विसळायला प्रत्येकी लिटरभर पाणी धरले तरी रोज साठ लिटर पाणी नळाखालून चिखलात जाते. तेच एका चरीने वाफ्याकडे वळवले, तर पंधरा लिटरप्रमाणे रोज चार झाडे भिजतात. पाळीपाळीने चौथ्या दिवशी पाणी धरले तर सोळा झाडे झाली, तीही पिण्याच्या पाण्याचा एक थेंब न घेता. राख किंवा थोडा हात धुण्याचा साबण असला तर या झाडांचे बिघडत नाही. कपड्यांच्या सोड्याचे पाणी मात्र सोडू नये, आपली माती आधीच विम्लधर्मी आहे.

पण हे पाणी मे महिन्यात मिळत नाही, कारण तेव्हा शाळा बंद! झाडाला सर्वांत जास्त गरज असते नेमके तेच सहा आठवडे. म्हणून शाळेने सोनचाफ्याच्या वाटेला जाऊच नये. पांढरा चाफा, बोगनवेल, कोरांटी, पारिजातक ही चार झाडे दोन पावसाळे अंगावर घेतल्यावर सुटी निभावून नेतात. एखादे नाजूक झाड ठेवायचेच असेल तर त्याच्या शेजारी तळाला बारीक भोक पाडून कापडाची वात घातलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. शाळेजवळच्या घरातल्या मुलाने आठवड्यातून दोनदा ते भरले तरी पुरते. एक गोष्ट शिक्षकांनी विसरू नये. कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही झाडे उन्हाला कितीही टणक असली तरी शाळेच्या आवारात लावू नयेत. दोन्ही विषारी आहेत, आणि बिट्टीच्या बियांशी मुले सागरगोट्यांसारखी खेळतात.

शेवटी रोपांविषयी. मातीची शंका असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसांना भेटून माती तपासून घ्यावी. सामू आणि मुक्त चुना हे दोन आकडे मुद्दाम विचारावेत. रोपवाटिकेतले झाड दिसायला टवटवीत असते, पण ते जाळीच्या सावलीत आणि रोजच्या पाण्यावर वाढलेले असते. त्यापेक्षा गल्लीत, वाड्यात, दर्ग्याच्या किंवा देवळाच्या आवारात ज्या झाडाने दहा-पंधरा उन्हाळे पाहिले आहेत, त्याची काडी मागून आणावी. बोगनवेल, मोगरा, तगर आणि जास्वंद यांची काडी पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची घ्यावी आणि तिरपी लावावी. पांढऱ्या चाफ्याची फांदी मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाने फुटण्याआधी कापावी. कापलेल्या तोंडाचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आठवडाभर ती सावलीत आडवी ठेवावी, आणि तोंड पुरते वाळल्यावरच कोरडसर मुरमात उभी करावी. पहिले पान दिसेपर्यंत तिला पाणी अगदी बेताने द्यावे.